डॉक्टर हो म्हणले

अहो,

काल भाऊजी चार कोरे ताव माझ्यापुढं ठेवून गेले. आपल्या थोरल्या भावाच्या नावानं एक पुस्तिका छापायचं त्यांनी मनावर घेतलंय. मेहकरच्या कोर्टातले दोन वकील लिहिणार आहेत, मुलींच्या शाळेचे हेडमास्तर लिहिणार आहेत, आणि पहिला लेख पत्नीचाच पाहिजे. पाटीवर त्यांनी मला लिहून दाखवलं, "वहिनी, दोन पानं द्या. विमानाचं जरूर लिहा." 'जरूर'च्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

विमानाचंच लिहिते.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. बाया येतात, समोर बसतात, तोंडं हलवतात, पदरानं डोळे टिपतात. मला एक अक्षर ऐकू येत नाही हे गावाला ठाऊक आहे, तरी येणारी प्रत्येक जण वाकून माझ्या कानाशी काहीतरी बोलतेच. देवमाणूस होता, बायकोसाठी विमान केलं, असंच काहीतरी असणार. मी मान हलवते. पण माझा राग तुमच्याबरोबर जळून गेला असं कोणी धरून चालू नये. तो इथंच आहे. रोज सकाळी माझ्याआधी उठतो.

आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे मागाहून मध्ये येणार नाही.

मी लोणारच्या मास्तरांची मुलगी. लग्न होऊन मेहकरला आले तेव्हा मराठी सातवी झाले होते. इंग्रजी तुम्ही शिकवलंत. कोर्टातून आलात की कोट खुंटीला लावायचा आणि ओसरीवर पुस्तक उघडायचं. सासूबाई म्हणायच्या, "बायकोले बॅलिस्टर करतं का रे?" तुम्ही हसायचात आणि पान उलटायचात. तुमच्यामुळं मी मॅट्रिक झाले, मुलींच्या शाळेत लागले. आपल्याला मूल झालं नाही म्हणून सासूबाईंनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा तुम्ही ताटावरून उठून गेलात. मी ते विसरलेले नाही.

पुढं माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. मग वर्गात आवाज कोणत्या बाकावरून आला ते कळेना. मग चालताना झोक जाऊ लागला. विहिरीवरून येताना भरल्या घागरीसकट दोनदा पडले. बाया म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे. सासूबाईंनी लिंबं उतरवली. एकटे तुम्ही म्हणालात, "बाहेरचं गिहेरचं काही नाही. मी तिले मुंबईले नेतो." नेलंत. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या नसेवर गाठ आहे, कवटी उघडून काढावी लागेल. दुसरा कोणी नवरा मला तिथूनच परत घेऊन आला असता. तुम्ही कागदावर सही केलीत. माझे केस कापले तेव्हा वेणी रुमालात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलीत. जीव तुम्हीच वाचवलात. हे मी कबूल करते. यापुढं या लेखात तुमच्या बाजूचं फार थोडं आहे.

गाठ निघाली. डावा कान कायमचा गेला. तो जाणार हे आधीच सांगितलं होतं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डावा डोळा मिटेना म्हणून त्यावर पट्टी बांधली. पण उजवा कान शाबूत होता. खालच्या रस्त्यावरचा घोडागाडीचा आवाज, नर्सबाईंच्या किल्ल्या, शेजारच्या खाटेवरच्या पारशीणबाईंचं पुटपुटणं, सगळं त्यातून ऐकू यायचं. मी मनाशी म्हणत असे, एक पुरे. एका कानावर वर्ग सांभाळता येतो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डॉक्टर फेरीला आले. मी उजवा डोळा मिटून पडले होते. तुम्हाला वाटलं, झोपलीय. तुम्ही इंग्रजीत विचारलंत, येत्या सोमवारी हिला विमानानं नागपूरला न्यायचं आहे, चालेल ना? डॉक्टर म्हणाले, "विमान मुळीच नको. कवटी उघडली की आत थोडी हवा राहते. वर गेलं की ती फुगते. कानामागची शिवणही अजून कच्ची आहे, आतलं पाणी वाट काढील. दोन महिने तरी नको. आगगाडीनं न्या, आडवं निजवून न्या." तुम्ही "यस डॉक्टर" म्हणालात. तीनदा म्हणालात. ज्या इंग्रजीत तुम्ही ते म्हणालात ती मला तुम्हीच शिकवली होती.

संध्याकाळी लोणारहून माझा दादा आला. तो म्हणाला, "तुम्ही खुशाल नागपूरले जा. मी तिले गाडीनं नेतो. मलकापूरपर्यंत निजवून नेतो, तिथून मोटार करतो."

तुम्ही म्हणालात, "कायले? तीन तासांत नागपूर. डॉक्टर हो म्हणले."

मी उशीवरून तुमच्या तोंडाकडं पाहत होते. तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. कोर्टात तुम्ही कसे उभे राहत असाल ते मला त्या दिवशी कळलं.

नागपूरची घाई कशाची होती ते मला माहीत होतं. मंगळवारी तिथं निवडणुकीचे उमेदवार ठरणार होते. नागपूर तेव्हा राजधानी; तिथं पुढारी बसणार, नावं वाचली जाणार, आणि मेहकरच्या जागेसाठी तुमच्यापुढं तिघं होते. आगगाडीनं गेलेला वकील त्यांच्यासारखाच चौथा. आजारी बायकोला घेऊन विमानातून उतरलेला वकील मात्र वेगळा. दादा गेल्यावर तुम्ही माझ्या खाटेशी बसलात आणि हळूच म्हणालात, "तुले वरून लोणार दाखवतो. तुहं तळं. आजवर तुह्या गावातल्या कोणी वरून पाह्यलं नसंन."

सोमवारी सकाळी विमानात बसलो. एक बाई ताटात गोळ्या आणि कापूस घेऊन आली. गोळी चघळायची, कापूस कानात घालायचा. मी दोन्ही कानांत घातला, मेलेल्यातसुद्धा. विमान वर गेलं तशी डोक्याच्या आत मागच्या बाजूला कोणीतरी हळूहळू बोट दाबतंय असं वाटायला लागलं. मी काही बोलले नाही. दीडएक तासानं तुम्ही माझा खांदा हलवलात. "ते पाह्य. उजवीकडं. ते तुहं माहेर."

दूरवर खाली, काळ्या रानांच्या मधोमध, एक गोल हिरवट डाग होता. त्याच्याभोवती झाडीचा कडा. लहानपणी त्या कड्यावरून खाली उतरून परत वर यायला मला दोन तास लागायचे. वरून ते तळं माझ्या तळहाताएवढं होतं. मी हसले. अर्ध्या तोंडानं हसले, अर्धं तोंड तसंच. तुम्ही माझा हात धरला होता. डोकं फुटत होतं आणि तरी तेवढी दोनचार मिनिटं मी सुखात होते. तुमच्यावर सगळा राग काढताना ही दोनचार मिनिटं कुठं ठेवायची ते मला आजही समजत नाही.

उतरताना दुखणं असह्य झालं. नाकातून पाणी गळायला लागलं, स्वच्छ, पातळ. ओठावर आलं तर खारट लागलं. नागपूरला खाली तुमचे मित्र हार घेऊन उभे होते, फोटो काढणारा होता. तुम्ही कानात सांगितलंत, "एक मिनिट सरळ उभी राह्य." मी तुमच्या दंडाला धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो फोटो आला. त्यात माझा पदर नाकाशी आहे. लोकांना वाटलं, लाजते आहे.

तुमच्या मित्राच्या घरी मला निजवलंत. मी म्हणाले, "नाकातून पाणी थांबत नाही. डॉक्टरला बोलवा." तुम्ही म्हणालात, "विमानात गार होतं, सर्दी झाली असंन. उद्या माहं काम होऊ दे, मग दाखवू." मंगळवारी दिवसभर तुम्ही नव्हता. दुपारपासून मला ताप चढला, मान वाकेना, उजेड सहन होईना. दिवेलागणीला तुम्ही जिना चढून धावत आलात आणि दारातूनच ओरडलात, "तिकीट भेटलं!"

या जन्मात मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर आजपर्यंत मला काही ऐकू आलेलं नाही. माझ्या आईचा आवाज मला आता आठवत नाही, वर्गातल्या पोरींचा आठवत नाही. तुमचा आठवतो. "तिकीट भेटलं."

नागपूरच्या दवाखान्यात मी किती दिवस शुद्धीत नव्हते ते तुम्हालाच माहीत. ताप मेंदूत गेला होता. सुयांमागून सुया टोचल्या आणि जगले. जागी झाले तेव्हा एका नर्सच्या हातून पितळी तबक फरशीवर पडलं. ते पडलेलं मी पाहिलं. आवाज झाला नाही. मी तुम्हाला म्हणाले, "मोठ्यानं बोला." तुमचं तोंड हलत होतं. मी पुन्हा म्हणाले, "मोठ्यानं बोला हो." मग तुमचं तोंड हलायचं थांबलं आणि तुम्ही भिंतीकडं वळलात.

मेहकरला आल्यावर शाळेनं मला रजा दिली, ती कधी संपली नाही. तुम्ही पाटी आणून दिलीत. शाळेतलीच पाटी, लाकडी चौकटीची. तुम्ही लिहायचात, मी वाचून बोलायचे. तेव्हा अजून मी तुमच्याशी बोलत होते. मी वाट पाहत होते. वाटत होतं, आज लिहाल, उद्या लिहाल. तुम्ही प्रचाराचे दौरे लिहिलेत, कोण फुटलं आणि कोण आपलं झालं ते लिहिलंत, माझ्या डोळ्यात घालायच्या थेंबांची वेळ लिहिलीत. 'मी खोटं बोललो' एवढं लिहिलं नाहीत.

मग ती बाजाराच्या दिवसाची सभा. तुम्ही लिहिलंत, "सभेले ये. फक्त बसाचं आहे." मी आले. बाजारात आलेली सगळी माणसं समोर होती, बैलगाड्यांवर चढून बसलेली. व्यासपीठाच्या खांबाला तो विमानतळावरचा फोटो मोठा करून लावला होता. तुम्ही बोलत होता. मध्येच तुम्ही माझ्याकडं हात केलात, आणि हजार माणसांनी एकदम माझ्या वाकड्या तोंडाकडं पाहिलं. टाळ्या पडल्या, हात दिसत होते. पुढं बसलेल्या बाया रडत होत्या. तुम्ही काय सांगत होता ते ऐकायला मला कानांची गरज नव्हती.

मी उठले. टेबलाला धरून उभी राहिले. माझा आवाज केवढा निघतोय ते मला कळत नव्हतं, म्हणून अंगात होता तेवढा सगळा लावला. शाळेतली शुद्ध भाषाही सोडली. म्हणाले, "लोकहो, डॉक्टरनं विमान नको म्हणून सांगतलं होतं. माह्यासमोर सांगतलं होतं. मले इंग्रजी समजते. यायले, माह्या नवऱ्याले, नागपूरले पोचाचं होतं. एक कान माहा दुखण्यानं गेला. दुसरा यायच्या तिकिटापायी गेला."

एवढंच बोलले. खाली बसले नाही. एकटीच चालत घरी आले, भिंतींना धरत.

तुम्ही पडलात. किती मतांनी पडलात ते मी कोणाला विचारलं नाही. पडलात एवढं पुरलं. त्या दिवशी मी गोड केलं होतं. तुम्ही ते ताटात पाहिलंत आणि खाल्लंत. पुढं कोर्टात समोरचे वकील तुम्हाला 'विमानवाले' म्हणू लागले, पक्षकार कमी झाले, नागपूरचे मित्र यायचे बंद झाले. हे सगळं मी दारात बसून पाहत असे आणि मला बरं वाटत असे. पुस्तिकेत पत्नी लिहिते म्हणून खोटं लिहायचं नाही. मला फार बरं वाटत असे.

सभेच्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा मला वाटलं, हात उगाराल. मी तयार होते. तुम्ही पाटी घेतलीत. "तुले कधीपासून माहीत होतं?" मी म्हणाले, "मुंबईपासून." तुम्ही पाटी पुसलीत. मग लिहिलंत, "मंग तू काऊन नाही बोलली?"

मी ते पुसलं आणि त्यानंतर तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. सासूबाईंशी बोलले, भाऊजींशी बोलले, दळण घेऊन येणाऱ्या बाईशी तासतास बोलले. तुमच्याशी नाही. वर्षांमागून वर्षं तुम्ही तो प्रश्न अधूनमधून लिहायचात, कधी पाटीवर, कधी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर. मी पुसायचे, फाडायचे.

उत्तर आज देते. मला पाहायचं होतं, तुम्ही कुठपर्यंत जाता ते. वाटलं होतं, सकाळपर्यंत तरी तुमच्यानं राहवणार नाही; म्हणाल, राहू दे, दादाबरोबर गाडीनं जा. आणि दुसरं कारण याहून वाईट आहे. मला लोणार वरून पाहायचं होतं. डॉक्टरांचं बोलणं कानात असताना, त्याचा अर्थ कळत असताना, मला ते तळं वरून पाहायचं होतं. तुम्ही ते ओळखलंत आणि वापरलंत. म्हणून माझा राग दुप्पट झाला; निम्मा तुमच्यावर आणि निम्मा माझ्यावर, पण दोन्ही तुम्हालाच सोसावे लागले.

सोसलात. तेही लिहिते. कोणी दार वाजवलं तर मला कळत नसे, म्हणून तुम्ही कडीपासून दोरी ओढून स्वयंपाकघरात लाल फडकं टांगलंत. कडी हलली की फडकं हलायचं. मला झोक जायचा म्हणून विहिरीच्या वाटेवर बांबूचा कठडा स्वतःच्या हातानं ठोकलात. रोज कोर्टातून आल्यावर पाटीभर लिहायचात, कोणता साक्षीदार फिरला, कोणत्या जजसाहेबांना पेंग आली, डोणगावच्या कोणत्या दोन भावांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडली. मी वाचते आहे असं दाखवत नसे. पण तुम्ही उठून गेल्यावर सगळं वाचायचे. जजसाहेबांच्या पेंगेला एकदा एकटीच हसले होते. तुम्ही दाराआडून पाहिलंत की काय, कोण जाणे. पुढं ते जजसाहेब रोज पेंगायला लागले.

मागच्या महिन्यात तुम्हाला लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड उजवीकडून ओघळलं. माझं डावीकडून ओघळलेलं. समोरासमोर बसलो तर आरशात पाहावं तसं. पहिला दिवस तुम्ही नुसते पडून होता. दुसऱ्या दिवशी भाऊजी धावत स्वयंपाकघरात आले आणि लिहिलं, "भाऊची वाचा आली. अडखळते, पण समजते. तुमालेच बोलावून राह्यला. काहीतरी सांगाचं आहे. चला, तो बोलंन तसं मी लिहून देतो."

मी आत आले. तुमचा डावा हात पाटीकडं सरकत होता. डाव्या हातानंही चार अक्षरं उमटली असती. मी पाटी उचलून फडताळावर ठेवली. मग भाऊजींकडं वळून म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. मला समजेल." त्यांचा विश्वास बसला, नवराबायको आहेत म्हणून. ते बाहेर गेले. मी दाराला आतून कडी लावली.

तुम्ही बोललात. दुपारभर बोललात. मी खाटेच्या कडेला बसून तुमचे ओठ पाहिले. वाकड्या ओठांवरून काही वाचता येत नाही, हे तुम्हालाही माहीत असणार. तुमच्या छातीवर हात ठेवला, तर आतून आवाजाची थरथर लागत होती. पाण्याची वाटी ओठाला लावली, तर तुम्ही मान फिरवलीत. म्हणजे पाणी नको होतं. थांबून थांबून, श्वास घेऊन घेऊन, तुम्ही तेच तेच सांगत होता. एकच काहीतरी होतं. 'चुकलो' असं असेल. 'काऊन नाही बोलली' असंही असेल. दाराबाहेर ते ऐकू शकणारा माणूस बसला होता. मी कडी काढली नाही. तुम्ही माझ्याकडं पाहत बोलत राहिलात, आणि मी तुमच्याकडं पाहत बसून राहिले. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मी ते पुसलं, तेवढं केलं. अनेक वर्षांनी मी तुमच्या तोंडाला हात लावला होता.

चारच्या सुमाराला छातीतली थरथर थांबली. मी हात तसाच ठेवून वाट पाहिली. मग तुमचे डोळे मिटले. दोन्ही सहज मिटले.

दार उघडलं. भाऊजी उठून आले. त्यांनी खाटेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बोटानं हवेतच लिहिल्यासारखं करून विचारलं, काय म्हणे भाऊ?

"काही नाही," मी म्हणाले. "शांतपणे गेले."